चटईत गुंडाळलेलं

अगं भावजयबाई,

तुझ्या हॉस्पिटलातून फोन आला होता. तू निवृत्त होतेयस, तर तुझ्याबद्दल चार शब्द लिहून द्या, म्हणाले. चार शब्दांत तू मावत असतीस तर इतकी वर्षं मी तुझ्यावर डोळा ठेवून कशाला बसले असते? त्यांना हवंय ते 'प्रेमळ, हसतमुख, मनमिळाऊ'. तू हसतमुख कधी होतीस? तुझा चेहरा म्हणजे बंद दुकानाची फळी. आत माल आहे की उंदीर, बाहेरून पत्ता लागत नाही. नणंदेनं भावजयीवर संशय घ्यायचा असतो हे मान्य, पण माझा संशय तसला मीठमसाल्याच्या डब्यांचा नाही. मी जीवशास्त्र शिकवलंय. दिसत नाही ते कापून बघायची मला सवय आहे, आणि तू तेवढी एकटी माझ्या सुरीखालून सुटलीस. तेव्हा ते चार शब्द राहू देत. मला तुला एकच गोष्ट विचारायची आहे. तू सरळ उत्तर देणार नाहीस, म्हणून सगळं पहिल्यापासून मांडते.

एवढं लिहून वन्संनी पेन टेबलावर आपटलं.

'वन्सं' हे काही त्यांचं नाव नव्हे. भावजय लग्न होऊन आली आणि थोरल्या नणंदेला वन्सं म्हणू लागली. बघता बघता भाचरं, शेजारीपाजारी, इस्त्रीवाला, सगळेच तसं म्हणायला लागले. शाळेत मात्र मुली त्यांना बेडूकबाई म्हणत. बेडूक फाडून झाला की त्या वर्गावर अशी नजर फिरवत, की पुढचा नंबर कुणाचा असा मुलींना प्रश्न पडे.

भावजय आली तेव्हा एका वकिलाकडे टायपिंग करायची. खुर्ची बुटकी, टेबल उंच. तिशी उलटायच्या आत पाठीनं संप पुकारला. गोळ्यांनी पाठ बरी होईना, पोट तेवढं बिघडलं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून ती वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एका म्हाताऱ्या मास्तरांकडे आसनं शिकायला जाऊ लागली. पाठदुखी गेली, तरी हिचं जाणं काही थांबेना. तिथेच वन्संच्या मनात पहिली पाल चुकचुकली. दुखणं गेल्यावर वैद्याकडे कोण जातं?

पुढे तिनं रीतसर पदविका घेतली आणि टायपिंग सोडलं. धाकटा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, वन्संसमोर म्हणाला, "आता ही लोकांना श्वास घ्यायला शिकवणार. फुकट मिळतो तो!"

"तुम्ही घोरता तेव्हा वाटत नाही फुकट मिळतोय असं," ती म्हणाली, आणि त्याच्या शर्टाचं बटण लावत राहिली.

शाळेत तिला वन्संनीच चिकटवलं असं लोक म्हणतात. खोटं आहे. वन्सं तेव्हा पर्यवेक्षिका होत्या आणि त्यांनी फक्त विरोध केला नाही. डोळ्यांसमोर असली म्हणजे लक्ष ठेवायला बरं, हा त्यातला हिशेब. पहिल्याच दिवशी भर स्टाफरूममध्ये ती "वन्सं, खडू कुठे असतात?" असं म्हणाली आणि चित्रकलेचे सर खोकल्याच्या आड हसले.

"शाळेत वन्सं म्हणू नकोस," वन्संनी तिला जिन्यात गाठून बजावलं.

"बरं. मग बेडूकबाई म्हणू?"

हे नाव तिला पहिल्याच दिवशी कळलं कसं? वन्संचा संशय आणखी बळावला.

मुलींनी तिचं नाव ठेवलं श्वासबाई. ती परीक्षेआधी मुलींना डोळे मिटून नुसतं ऐकायला लावायची. पंखा ऐका, बाहेरचा रस्ता ऐका, स्वतःचा श्वास ऐका. कधी एकेक मनुका तोंडात ठेवायला द्यायची आणि म्हणायची, लगेच गिळू नका, काय होतंय ते बघा. पालकसभेत एक वडील तावातावानं उठले. "आमची मुलगी एक मनुका घेऊन अर्धा तास बसते! विचारलं तर म्हणते, चव बघतेय. अहो, माझी बस चुकते! हे कसलं शिक्षण?"

"किती मनुका खाते?" श्वासबाईनं विचारलं.

"एकच!"

"मग मनुका तरी पुरतात ना?"

सभा हसली. वन्संही हसल्या आणि घरी जाईपर्यंत स्वतःवरच चिडल्या. जी बाई प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देते, ती काहीतरी झाकत असते. पस्तीस वर्षं तोंडी परीक्षा घेतलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको.

तासाच्या शेवटी मुली चटईवर पडायच्या आणि डोळे मिटलेलेच ठेवून ज्या कुणाला वाटेल तिनं एक वाक्य बोलायचं, अशी तिची पद्धत होती. उत्तर कुणी द्यायचं नाही. सुरुवातीला मुली 'भूक लागलीय', 'गणित आवडत नाही' असलंच काही बोलत. मग एक दिवस एक मुलगी बोलून गेली, की पाळीच्या दिवसांत कपडे खराब होतील या भीतीनं ती मधल्या सुट्टीतही बाकावरून उठत नाही. संध्याकाळपर्यंत ते शाळाभर झालं. मुलगी आठवडाभर आलीच नाही. श्वासबाई तिच्या घरी जाऊन तिला घेऊन आली, आणि त्या दिवसापासून तिनं नियम केला: चटईवर बोललेलं चटईतच गुंडाळायचं. तास संपला की प्रत्येकीनं आपली चटई घट्ट गुंडाळायची, दोरी बांधायची आणि मगच दाराबाहेर पाऊल टाकायचं. बाहेर कुणी विचारलं, तर 'गुंडाळलं' एवढंच सांगायचं.

पुन्हा असं काही झालं, तर पर्यवेक्षिकेला कळायला नको? वन्संनी तिला बोलावून विचारलं, "मुली काय बोलतात, मला कळलं पाहिजे."

"गुंडाळलं, वन्सं."

"मी इथे तुझी वन्सं नाही."

"गुंडाळलं, मॅडम."

वन्संनी तक्रार केली असती, पण तक्रारीत लिहिणार काय? भावजय उत्तर देत नाही? मुख्याध्यापिका म्हणाल्या असत्या, कुठल्या नणंदेला देते?

पुढे स्त्रियांच्या हॉस्पिटलानं श्वासबाईला बोलावून घेतलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंचा तिच्यावर विश्वास बसायला वेळ लागला. "श्वासबिस ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण माझ्या खाटा अडवायच्या नाहीत." म्हणून तिला तळघर मिळालं. लांबट खोली, मध्ये एक जाड खांब, छताखालून पाण्याचे नळ गेलेले, आणि भिंतीत वर, फुटपाथच्या पातळीला खिडक्या. चटईवर पडलं की जाणाऱ्या-येणाऱ्यांची नुसती पावलं दिसत. तिथे ती पाळी जाताना रात्र रात्र घामाघूम होणाऱ्या बायकांना शिकवी, गर्भाशय काढलेल्यांना शिकवी, आणि सकाळी गरोदर बायकांना. नियम तोच. शाळेत पोरींच्या तोंडी असलेला 'गुंडाळलं' हा शब्द आता पोक्त बायकांच्या तोंडी आला. वन्संची एक मैत्रीण तिकडे गुडघ्यांसाठी जाई. तिला विचारलं, तर तीही डोळे मिचकावून म्हणाली, "गुंडाळलं!" वन्संना वाटलं, ही बाई गावभर एक टोळी उभी करतेय.

इथवर सगळं चेष्टेवारी नेण्यासारखं होतं. मग वन्संच्या लेकीचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं.

वन्सं तिच्या उशाशी बसल्या आणि कारण शोधू लागल्या. जिना किती वेळा चढलीस? ते खोकं तू उचललंस का? गोळ्या वेळेवर घेतल्यास ना? त्यांना दोष द्यायचा नव्हता. कारणाशिवाय काही घडत नाही, हे त्यांनी जन्मभर शिकवलं होतं, आणि कारण सापडलं की पुढच्या वेळी ते टाळता येतं एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. लेकीनं सगळी उत्तरं दिली. मग भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर आईनं काहीही विचारलं तरी एकच उत्तर येई: "ठीक आहे."

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा जावई कामासाठी परदेशी होता, म्हणून लेक वन्संकडे राहायला आली. सकाळी ती मामीच्या वर्गाला जाई. परत येई तेव्हा चेहरा धुतल्यासारखा हलका असे.

"काय केलंत आज?"

"काही नाही. पडून होतो."

"मामीला सांगतेस ते मला सांगायला काय होतं गं?"

"आई, मामी विचारत नाही."

 वन्संनी भावजयीला फोन लावला. "ती तुझ्यापाशी काय बोलते?"

"गुंडाळलं, वन्सं."

"मी आई आहे तिची!"

"हो की. मग तुम्हाला मी कशाला लागते?"

वन्संच्या डोक्यात चक्र सुरू झालं. ही पोरीला माझ्याविरुद्ध फितवते का? गोळ्या बंद करून नुसते श्वास घ्यायला सांगते का? एकदा हातातून गेलंय, या वेळी श्वासावर सोडून चालणार नाही. आणि समजा, पोरीनं तिथे काही महत्त्वाचं सांगितलं, आणि या बाईनं तेही गुंडाळून कोपऱ्यात उभं केलं, तर?

एक दिवस सकाळी वन्सं लेकीला म्हणाल्या, "मी दात दाखवायला जातेय," आणि तिच्याआधी घराबाहेर पडल्या. तळघरात बायका येऊन आडव्या व्हायला लागल्या होत्या. श्वासबाई कपाटातून उशा काढत पाठमोरी उभी होती. वन्संनी खांबामागची शेवटची चटई धरली, ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढलं, डोळ्यांवर घडीचं फडकं ठेवलं. मग लक्षात आलं, की हा गरोदर बायकांचा वर्ग आहे आणि ब्लँकेटखाली आपण पाटासारख्या सपाट आहोत. शेजारी एक गोल उशी पडली होती. ती त्यांनी हळूच ब्लँकेटखाली पोटावर घेतली.

वय वर्षं चौसष्ट, जीवशास्त्राची द्विपदवीधर, सुवर्णपदक. असो.

वर्ग सुरू झाला. श्वासबाईचा आवाज खोलीभर फिरत होता आणि पावलं त्याच्यामागे. पावलं खांबापाशी थांबली. वन्संनी श्वास रोखला. खांद्यावर हात आला.

"असं उताणं नाही झोपायचं, बाई, या दिवसांत. डाव्या कुशीवर."

ही साधी गोष्ट! वरच्या वर्गांना रक्ताभिसरण आपण शिकवलं, आणि आपणच उताण्या! वन्सं उशी सांभाळत डाव्या कुशीवर वळल्या. श्वासबाईनं त्यांच्या गुडघ्यांमध्ये एक उशी दिली, पाठीला एक लावली आणि पोटावरची घसरू लागलेली उशी ब्लँकेटवरूनच नीट वर सरकवली. मग काही न बोलता पुढे गेली.

ओळखलं का? पोटावर उशी आहे हे हाताला कळलं नसेल? कळलं असेल तर बोलली का नाही? वन्सं याच विचारात असताना शेवटची वेळ आली, एक वाक्य बोलायची. कुणी म्हणालं, पाय सुजतात. कुणी म्हणालं, सासूबाईंना मुलगाच हवाय. मग खिडकीकडच्या बाजूनं लेकीचा आवाज आला.

"कालपासून बाळ फार कमी हलतंय. मी कुणाला सांगितलं नाही. आईला सांगितलं तर ती आधी विचारेल, मी काय चुकले."

उत्तर द्यायचं नाही, हा नियम.  वरून कुणाची तरी टाचांची पावलं टकटकत गेली. वन्संचे हात उशीत रुतले. आत्ता ही म्हणेल, श्वासाकडे लक्ष द्या. आत्ता म्हणेल, विचार येऊ द्या, जाऊ द्या. म्हणू दे, मी उठते आणि तिच्या झिंज्या धरते.

"सगळ्याजणी अशाच पडून राहा," श्वासबाई म्हणाली. आवाज होता तसाच. "डोळे मिटलेले." मग चार झपझप पावलं, कुजबुज, आणि दार. लेकीला अनवाणीच घेऊन ती वर डॉक्टरीणबाईंकडे गेली.

वन्सं ताडकन उठल्या. उशी घरंगळत शेजारणीच्या पायाशी गेली. ती पोरगेलीशी बाई डोळ्यांवरचं फडकं उचलून बघतच राहिली. "अय्या, आजी! तुमची झाली की सुटका!"

जिन्याच्या कठड्यापर्यंत वन्सं धावत गेल्या आणि तिथे थांबल्या. वर गेलं की लेक पहिला प्रश्न विचारणार, तुला कसं कळलं? मग जिथे तिला तोंड उघडता येतं अशी ही एक खोली, तीही गेली. त्या उलट्या फिरल्या, रस्ता ओलांडला आणि हॉस्पिटलासमोरच्या बसस्टॉपवर जाऊन बसल्या. बसमागून बस गेली. हातात फोन होता, आणि भावजयीबद्दल काय काय मनात येत होतं. फोन करेल ना? का तोही गुंडाळेल?

फोन आला. "वन्सं, घरी आहात ना?"

"हो तर. घरीच. भांडी लावतेय." नेमकी तेव्हाच एका बसनं भोंगा वाजवला.

 "बरं. मग भांडी झाली की या. लेकीला दाखल करून घेतलंय. बाळाचे ठोके आहेत, पण आजच काढायचं म्हणतात."

घरून यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ वन्संनी चौकाला फेऱ्या घातल्या. वर गेल्या तेव्हा लेकीला नेण्याची तयारी चालली होती. लेकीनं त्यांचा हात धरला. "आई, कालपासून हालचाल कमी होती. तुला सांगितलं नाही मी."

वन्संच्या जिभेवर रांग लागली होती. कालपासून म्हणजे कधीपासून? जेवलीस काय? रात्री का उठवलं नाहीस? त्यांनी ती सगळी रांग माघारी पिटाळली.

"बरं," त्या म्हणाल्या.

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. "एवढंच?"

"एवढंच. मी इथे बसतेय. कुठे जात नाही."

संध्याकाळी मुलगी झाली. मूठभर, लालबुंद, काचेच्या उबदार पेटीत ठेवलेली, पण भोकाड असं पसरलं की परिचारिका म्हणाली, "हिला श्वास शिकवायला नको!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्यावर टाकलं असतं तर सांगता येत नव्हतं.

कॉरिडॉरमध्ये भावजय बाकावर टेकली होती. लेकीच्या खाली राहिलेल्या चपला तिनं आणून मांडीवर धरल्या होत्या.  तिचे आभार मानावेत असं मनात आलं, पण त्याच वेळी तिनं मान वर केली आणि त्याच फळीबंद चेहऱ्यानं म्हणाली,

"वन्सं, एक काम कराल? खाली मागच्या खांबापाशी एक चटई उघडीच राहिलीय. तेवढी गुंडाळून याल?"

लेकीची चटई खिडकीपाशी होती. खांबापाशी होती ती वन्संची.

"जाते," वन्सं म्हणाल्या आणि चहा आणायला गेल्या.

तळघरात त्या गेल्याच नाहीत. गुंडाळायला गेलं, की आपण तिथे होतो हे कबूल केल्यासारखं. न जाण्याचाही अर्थ तोच होतो, हे त्यांना घरी पोचल्यावर सुचलं. पण कदाचित तिला खरंच काही माहीत नसेल. दमली होती, कुठलीतरी चटई आठवली, समोर दिसेल त्याला काम सांगितलं. का नाही? आणि माहीत असेल तर लेकीला तिनं सांगितलंय का? लेकीच्या वागण्यातून तसं दिसत नाही. पण लेकही आताशा मामीसारखीच हसते, ओठ मिटून.

नात आता शाळेत जाते. लेक आईला आपणहून फोन करते, बरंच काही सांगते, आणि वन्सं बहुतेक वेळा 'बरं' म्हणतात. त्यासाठी त्यांना तोंडात एक मनुका धरावी लागते. हे अजून कुणाला ठाऊक नाही. निदान वन्संचा तसा समज आहे.

भावजय मात्र ते काम विसरली नाही. कुणाच्या लग्नात, कुणाला भेटायला गेल्यावर, निरोप घेताना मध्येच म्हणायची, "वन्सं, ते काम राहिलंच हं."

"कुठलं गं?"

"राहू दे. सवडीनं."

वन्संनी पुन्हा पेन उचललं. 'तर मला विचारायचंय ते असं, की त्या दिवशी उशी वर सरकवलीस तेव्हा', इथवर लिहिलं आणि फोन वाजला. तीच होती.

"वन्सं, तळघर रिकामं करतेय. चटया सगळ्या नव्या बाईंच्या ताब्यात दिल्या. एकच ठेवलीय खांबापाशी. येताय का?"

"कुठली चटई?"

"येऊन बघा ना."

"बघते. दात दाखवायला जायचंय आज."

"बरं," भावजय म्हणाली. "मग भांडी झाली की या."

वन्संनी फोन ठेवला. चपला घातल्या, दाराला कडी लावली, जिना उतरून रस्त्यापर्यंत गेल्या. हॉस्पिटलाकडे जाणारी बस आली. त्यांनी ती जाऊ दिली, मागची येतेच आहे म्हणून. मग तीही जाऊ दिली.